कोरी बाटली

सातही बोअरचं पाणी स्वच्छ निघालं आणि जी बाटली कुणी उघडलीच नव्हती, तिच्यात मात्र डिझेल सापडलं.

हेमलता कोठावळेने रिपोर्ट वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. चष्म्याचा काही दोष नव्हता. मग तिने लॅबच्या कपाटातून ती बाटली काढून खिडकीशी धरली. झाकणावरचं सील शाबूत, पाणी नितळ, आणि वर रंग पालटणारा डिझेलचा पातळ तवंग. तिला आश्चर्य वगैरे वाटलं नाही. आश्चर्य वाटायलाही अंगात थोडा दम लागतो आणि तो तिच्यात उरला नव्हता.

आता ही न उघडायची बाटली म्हणजे काय प्रकार, ते सांगून टाकायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल उगाच गोंधळ घालतेय ही बाई. जमिनीतल्या पाण्याचे नमुने आणायला माणूस लॅबमधून निघाला, की बर्फाच्या पेटीत रिकाम्या बाटल्यांबरोबर एक भरलेली बाटलीही द्यायची पद्धत आहे. तिच्यात लॅबमधलंच शुद्ध पाणी असतं. तिने काही म्हणता काही करायचं नसतं. नवरीबरोबर पाठराखीण जाते तसं नुसतं सोबत जायचं, तिथल्या उन्हात-धुळीत बसून राहायचं आणि न उघडता परत यायचं. हिला कोरी बाटली म्हणतात. ती कोरीच परत आली तर बाकीच्या बाटल्यांवर विश्वास ठेवायचा. तिच्यात काही सापडलं, तर वाटेत कुठेतरी घाण लागली असं धरायचं आणि सगळी फेरी रद्द.

"बाटली उघडली होती?" लॅबचे प्रमुख कुलथे साहेब यांनी विचारलं.

"नाही."

"पडली होती?"

"नाही साहेब."

"मग डिझेल आत कसं गेलं?"

"माहीत नाही."

"बरं," साहेब म्हणाले आणि त्यांनी पंखा वाढवला.

हिवरतळ फाट्यावर पूर्वी एक डिझेलपंप होता. पंप कधीचाच बंद पडला, पण त्याची जमिनीखालची टाकी गळत राहिली आणि आसपासच्या पाण्यात डिझेल उतरलं. जुन्या मालकाने हात वर केले. मग हुकूम निघाले, यंत्रं लागली, आणि जमिनीतलं पाणी ओढायचं, गाळायचं, परत आत सोडायचं, हे रहाटगाडगं वर्षानुवर्षं चाललं. पाणी कितपत सुधारलं ते बघायला पंपाभोवती सात बोअर घेतली होती. त्यांचे नमुने आणायचं काम हेमलताचं. एका फेरीत ही सातही बोअर आणि कोरी बाटली असं सगळं एकदम स्वच्छ निघालं की काम संपणार होतं. आणि काम संपलं की पंपाशेजारच्या विहिरीचं सील निघणार होतं.

ही विहीर शालनबाई टिळेकरांची. शालनबाई पन्नाशीच्या, अंगापिंडाने मजबूत, तोंडाने फटकळ. हमरस्त्याला लागून त्यांची रोपवाटिका होती. विहिरीवर सिमेंटची लादी बसली, लोखंडी झाकणाला कुलूप लागलं, तेव्हापासून त्या टँकरच्या पाण्यावर रोपं जगवत होत्या. गुलाब जगले, जास्वंद जगली, पण विहिरीच्या काठावरचा सोनचाफा टँकरला बधेना. त्याची मुळं विहिरीच्या बांधकामातून खोल गेलेली होती आणि त्यांना खालचंच पाणी हवं होतं. शालनबाईंकडची चाफ्याची सगळी कलमं त्या एका झाडाची. लांबलांबून लोक त्या कलमांसाठीच गाडी थांबवायचे. झाड शेंड्याकडून वाळत चाललं होतं.

असलं काही फोनवर सांगता येत नाही, म्हणून हेमलता जीप घेऊन स्वतः फाट्यावर गेली. शालनबाई ताटात हळदकुंकू आणि नारळ घेऊन लादीशी उभ्याच होत्या. विहीर उघडायची तर पूजा नको का?

"तोंड असं का पाडलंयस?"

"सातही बोअर स्वच्छ आहेत, शालनताई."

"मग?"

"कोरी बाटली खराब निघाली."

"कोरी म्हणजे ती, जिच्यात तू काही भरत नाहीस?"

"हो. तीच."

शालनबाईंनी ताट लादीवर ठेवलं. "मग त्या बाटलीला घाला की कुलूप! माझ्या विहिरीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

 शालनबाई पहिली काही वर्षं हेमलताला मॅडम म्हणायच्या, मग कधीतरी हेमा म्हणायला लागल्या, आणि आता रागावल्या तरी पाणी विचारल्याशिवाय राहायच्या नाहीत. त्यांनी तांब्या पुढे केला. टँकरचंच पाणी.

"या विहिरीची माती मी माझ्या डोक्यावर वाहिलीय," त्या म्हणाल्या. "चाफा गेला तर मला परत लावता यायचा नाही गं. आता तेवढं वय नाही राहिलं."

"पुढच्या फेरीला उघडू," हेमलता म्हणाली. हे ती प्रत्येक वेळी म्हणायची आणि प्रत्येक वेळी अगदी मनापासून म्हणायची.

शालनबाईंनी चाफ्याचं एक फूल तोडून तिला दिलं. हेही दर वेळचंच. आणि दर वेळी ते हेमलताला केसात माळता यायचं नाही, कारण नमुन्यांच्या आसपास वासाची कुठलीच गोष्ट चालत नाही. गजरा नाही, पावडर नाही, हाताला क्रीम नाही, जीपमध्ये डिझेलसुद्धा आदल्या दिवशी भरायचं. त्यामुळे ती फूल लादीवर ठेवायची, निघताना न्यायचं म्हणून. त्या दिवशी तर नमुनेही घ्यायचे नव्हते, पण हाताला सवय पडलेली. फूल लादीवरच राहिलं. लादीवर अशी कितीतरी फुलं वाळून पडलेली होती.

कुलथे साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला आणि लाल पेन्सिल कानावर अडकवली.

"घाण साइटवर नाही. बाटलीत आहे. म्हणजे ती वाटेत आहे. बाटली जिथून जिथून जाते, तिथे बोअर घ्यायचं."

"रस्त्यात?"

"रस्त्यात."

बोअरची गाडी आली आणि लॅबच्या फाटकापासून कामाला लागली. चौकात एक बोअर झालं, रेल्वे फाटकाशी एक, घाटाच्या वळणावर एक. वाटेत हेमलता आणि ड्रायव्हर गुलाबभाई मुलाणी चहाला थांबायचे त्या टपरीच्या बाकाखालीही एक झालं.  टपरीवाल्याने झाकणावर खारीच्या बरण्या मांडल्या. प्रत्येक बोअरला निळं झाकण, नंबर आणि कुलूप. किल्ल्यांचा जुडगा हेमलताच्या कमरेला.

आता तिला फाट्यावर पोचायच्या आधीच वाटेवरची सगळी बोअर करत जावं लागे. कुलूप काढायचं, मीटरची फीत आत सोडायची. फितीच्या टोकाला तेल लागलं तर मीटर सलग वाजतो, पाणी लागलं तर थांबत थांबत. मग उपसा. पाइपात उभं राहून शिळं झालेलं पाणी नमुन्याला चालत नाही. ते आधी उपसून पिंपात भरायचं, थेंबभरही जमिनीवर सांडायचं नाही, आणि खालून ताजं पाणी आलं की मगच बाटली भरायची. उपसायच्या नळकांड्याला लॅबमध्ये बेलर म्हणत, गुलाबभाई पोहरा म्हणत. गुलाबभाईंचा शब्द हेमलताला जास्त आवडायचा.

"मॅडम, आपण पाणी तपासतोय की रस्ता शिंपडतोय?" गुलाबभाई पिंप ढकलत म्हणाले.

"शिंपडत नाही आपण. एक थेंब सांडलेला नाही."

"तेच म्हणतोय. शिंपडला असता तर धूळ तरी बसली असती."

रस्त्यावरची सगळी बोअर स्वच्छ निघाली. फाट्यावरची सातही स्वच्छ. कोरी बाटली मात्र खराब, आणि या वेळी तवंग जाड होता.

"मग जीपमध्ये," साहेब म्हणाले.

जीपमध्ये बोअर घेतलं ते पुढच्या दोन सीटच्या मधे, गिअरच्या जरा मागे. पासष्ट फुटांवर पाणी लागलं. गुलाबभाई बाजूला उभे राहून बघत होते. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"साहेब, गाडी उभी असताना घेतलंय. मी गिअर टाकला की पाइप तुटणार."

"नाही तुटणार."

तो तुटला नाही. जीप हमरस्त्याला लागली, घाट चढली, उतरली, आणि बोअर तिच्याबरोबर बिनबोभाट चाललं. गतिरोधक आला की झाकण तेवढं वाजायचं. "गाडी घेताना यातलं काही बोलला नव्हता डीलर," गुलाबभाई म्हणाले, आणि पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. जीपमधलं पाणीही स्वच्छ निघालं.

हेमलताच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली होती. मीटरची फीत प्रत्येक फेरीला थोडी जास्त सोडावी लागत होती. फाट्यावरच्या बोअरमधलं पाणी स्वच्छ होतं खरं, पण ते खाली खाली चाललं होतं. तिने साहेबांना सांगितलं.

"त्यात डिझेल आहे?"

"नाही."

"मग पातळीचं काय घेऊन बसलात? पातळी आपल्या कामात नाही."

"साहेब, मला थोडी सुट्टी हवी होती," लगे हात ती बोलून गेली. "फार थकवा आलाय. अंग उचलत नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, तिच्याकडे पाहिलं, तिला खुर्ची दिली. "पेटी एकाच हातातून जायला हवी, कोठावळे मॅडम. नियम आहे. मधे हात बदलला तर आधीचं सगळं पाण्यात. एकदा स्वच्छ निघू दे, मग हवी तेवढी सुट्टी घ्या."

तिला शेंड्याला वाळलेला चाफा आठवला. ती बरं म्हणाली. खुर्चीतून उठताना सीटवर ओल उमटली होती, ती तिने ओढणीने पुसून घेतली.

थकवा म्हणजे तरी कसा? झोपून जाणारा नव्हता तो. सकाळी उठताना तिला वाटायचं, रात्रीत कुणीतरी आपल्यात घागरी ओतून गेलंय. जिना चढताना आत काहीतरी हिंदकळायचं. कूस बदलली की आधी ती वळायची आणि मग थोड्या वेळाने तिच्या आतलं वळायचं. फरशीवर तिची पावलं ओली उमटायची आणि नवऱ्याला वाटायचं, ही आत्ता आंघोळ करून आली. जीप तिच्या बाजूला कलायला लागली, तेव्हा गुलाबभाईंनी डाव्या चाकांत हवा वाढवून घेतली आणि तिला वाईट वाटू नये म्हणून उजव्या चाकांतही वाढवली. डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्ह लिहून दिलं. चाळिशीनंतर बायकांना होतं असं, ते म्हणाले.

पुढचं बोअर तिच्या स्वयंपाकघरात झालं. पहाटे निघायचं असलं की पेटी आदल्या संध्याकाळी घरी यायची आणि ओट्यावर बसायची, म्हणून ओट्याखाली. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खालच्या दोन्ही घरांत पाइप कुठे दिसला नाही. तो तिच्या फरशीतून सरळ पाण्यालाच लागला.

तिचा नवरा श्रीरंग दारात उभा होता. हातात मिक्सर.

"आता इथे?"

"इथेच."

"बरं. मग मिक्सर कुठे ठेवू?"

"झाकणावर ठेव. लॅबची माणसं आली की काढायचा."

श्रीरंगने मिक्सर झाकणावर ठेवला. मग तो तिच्याजवळ आला, तिच्या कपाळाला हात लावला. हात ओला झाला. "तू जरा पड गं," तो म्हणाला. तिला तेच तर हवं होतं, कुठेतरी आडवं पडून राहायचं आणि कुणी उठवायचं नाही. पण पडली की आतलं पाणी डोक्याकडे यायचं आणि कानात भरायचं. ती उशीला टेकून बसून राहिली. शेजारी श्रीरंगही बसून राहिला. त्याला बसल्या बसल्या झोप लागली.

ओट्याखालचं पाणी स्वच्छ निघालं. पलंगाशी बोअर घेतलं, तेही स्वच्छ. उंबऱ्यात घेतलं, न्हाणीच्या दाराशी घेतलं, आरशासमोर ती वेणी घालायला उभी राहायची तिथे घेतलं. सगळी स्वच्छ. घरात चालताना तिला आता झाकणं चुकवत पाय टाकावे लागत. नकाशावर लॅबपासून फाट्यापर्यंत निळे ठिपके इतके दाट झाले की रस्ता दिसेना. कोरी बाटली प्रत्येक वेळी खराब निघत होती, आणि आता तवंग बोटभर जाड होता.

साहेब नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांची लाल पेन्सिल झिजून नखाएवढी उरली होती.

"आता एकच जागा राहिली," ते म्हणाले. "या फेरीला मी बरोबर येतो."

ते जीपमध्ये मागे बसले. हेमलता पुढे, मांडीवर पेटी, उजव्या हाताला बोअर.  टपरीपाशी गुलाबभाईंनी सवयीने वेग कमी केला, आरशातून साहेबांकडे पाहिलं आणि परत वाढवला.

फाट्यावर शालनबाई ताट घेऊन उभ्या होत्याच. नारळ नवा होता. आधीचे खोबऱ्याला गेले होते. चाफा खांद्यापर्यंत वाळला होता आणि राहिलेल्या एका फांदीवर एकच फूल होतं.

"आज जरा खरं बोला," त्या साहेबांना म्हणाल्या. "उघडता की नाही?"

"आज कळेल," साहेब म्हणाले. त्यांनी मीटर काढला, फीत पुसली. "कोठावळे मॅडम, कोरी बाटली हातात धरून उभ्या राहा."

ती उभी राहिली.

"तोंड उघडा."

तिने तोंड उघडलं. साहेबांनी फितीचं टोक अलगद आत सोडलं. फार सोडावं लागलं नाही. जीभ संपते तिथेच मीटर सलग वाजायला लागला. तो बराच वेळ तसाच वाजत राहिला. रस्त्यावरून एक उसाची ट्रॉली गेली तरी तो वाजतच होता. मग आवाज तुटला आणि थांबत थांबत वाजायला लागला.

"आधी तेल," साहेब म्हणाले, "खाली पाणी. भरपूर आहे." त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. किती वर्षांनी उतरला असेल कुणास ठाऊक. "सापडलं! घाण साइटवर नाहीच. रस्त्यावरही नाही. ती कर्मचाऱ्यात आहे. म्हणजे साइट स्वच्छ. गुलाब, किल्ली आण. सील काढा."

हेमलताने तोंड मिटलं. तिला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं. काही का असेना, विहीर उघडणार होती.

कुलूप गंजलं होतं. गुलाबभाईंनी ते पहारीने तोडलं. लादी सरकवायला रोपवाटिकेतल्या दोन कामकरी बायका धावल्या, वाळक्या फुलांचा ढीग खाली पडला. शालनबाईंनी काठाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा आत टाकला आणि कान देऊन उभ्या राहिल्या.

खालून खट् असा आवाज आला.

सगळे वाकून बघायला लागले. विहिरीला तळ होता आणि तो कोरडा होता. चिखलही वाळून त्याच्या भाकऱ्या झाल्या होत्या. चाफ्याची मुळं बांधकामातून बाहेर येऊन खाली लोंबत होती आणि त्यांना काही लागत नव्हतं.

"हे काय?" शालनबाई म्हणाल्या.

"विहीर आहे," साहेब म्हणाले.

"पाणी कुठंय?"

"डिझेल नाही यात. अजिबात नाही. तुम्ही वास घेऊन बघा."

"अहो, पण पाणी कुठंय?"

"ते आमच्या कामात नाही."

 शालनबाईंनी ताट काठावर ठेवलं. त्यांची नजर हेमलताच्या पायांकडे गेली. हेमलता उभी होती तिथली माती भिजून काळी झाली होती, आणि जीपपासून विहिरीपर्यंत तिची ओली पावलं उमटली होती. इतक्या उन्हात एकही सुकलं नव्हतं. शालनबाई तिच्याजवळ आल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि नुसतं धरून राहिल्या, दवाखान्यात नाडी बघतात तसं. बोटाखाली पाणी वाहत होतं.

"हेमा," त्या म्हणाल्या, "माझी विहीर तू घेऊन गेलीस होय गं?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मला माहीत नव्हतं, शालनताई," हेमलता म्हणाली. "मला वाटलं, मी थकलेय."

 शालनबाईंनी मनगट सोडलं नाही. "दर वेळी एवढी बोअर उपसायचीस. तुला कुणी उपसलं का कधी?"

"नाही."

"कोण उपसणार! सगळ्यांना मेलं मोजायचंच तेवढं कळतं."

"एक मिनिट," साहेब मधे आले. "कर्मचाऱ्याचा उपसा जमिनीवर करता येणार नाही. पिंपात भरावा लागेल."

"किती पिंपं आणलीत?" गुलाबभाईंनी विचारलं.

साहेबांनी जीपमध्ये पाहिलं, मग हेमलताकडे पाहिलं.

हेमलता काठावर बसली आणि तिने चपला काढून शेजारी ठेवल्या. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून गुलाबभाईंच्या हातात दिला. कोरी बाटली साहेबांना दिली. ती हातातून गेल्यावर तिची बोटं किती वेळ वळलेलीच राहिली.

"घरी काय सांगू, मॅडम?" गुलाबभाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सांगा, ओट्याखालचं बोअर बुजवून घे. आणि मिक्सर जागेवर ठेव."

शालनबाईंनी चाफ्याचं उरलेलं फूल तोडलं. "आता तरी माळायला चालतंय ना?" त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी मान हलवली. फेरी संपली होती, हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. शालनबाईंनी फूल तिच्या वेणीत खोचलं. मग काठाला वाहिलं होतं तेच कुंकू बोटावर घेऊन तिच्या कपाळाला लावलं. "सावकाश उतर. पायऱ्या झिजल्यात."

हेमलता उतरायला लागली. विहिरीच्या भिंतीतून निघालेले दगड, तेवढ्याच पायऱ्या. अर्ध्यावर आल्यावर तिला फुलाचा वास आला आणि तिला आपलं हसू आलं. किती वर्षांत पहिल्यांदा. तळाशी आल्यावर ती त्या वाळक्या चिखलावर बसली, मग आडवी झाली. पाणी कानात आलं नाही. ते आधी टाचांशी साचलं, मग पाठीखाली, आणि मग तिने ते धरून ठेवणं सोडून दिलं. भेगांतून माती बुडबुडली. चाफ्याची मुळं भिजली. बांधकामावर जुन्या पाण्याची एक रेघ होती. पाणी दगडामागून दगड चढत त्या रेघेला लागलं, तेव्हा फूल तरंगत काठाला आलं.

वर एक गोल उजेड होता आणि त्यात तीन डोकी.

"तवंग दिसतोय का?" साहेबांचा आवाज आला.

"ऊन चमकतंय, साहेब. काही कळत नाही."

"नमुना तपासल्याशिवाय वापरायचं नाही. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवस तो चाफा थांबायचा नाही," शालनबाई म्हणाल्या. "पहिली कळशी ओतून देईन. दुसरी त्याला घालीन."

साहेबांनी कोरी बाटली उजेडात धरली. ती त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

विहिरीवरचा जुना रहाट करकरला. इतक्या वर्षांनी त्याला तेल कोण घालणार? दोराला बांधलेली कळशी भिंतीवर आपटत, गिरक्या घेत खाली आली आणि पाण्यावर टेकली. रिकामी होती, बुडेना. नुसतीच कलंडून तरंगत राहिली. वरून शालनबाईंनी दोराला दोनदा हिसका दिला.

हेमलताने अंग थोडं बाजूला घेतलं, कळशीचं तोंड बुडावं म्हणून.